पंचफुलाच्या चाकाचं रबर

सकाळपासून मी चार येळा आंगणात गेले अन् चार येळा आत आले. तव्यावर भाकर करपली ते बी कळलं न्हाई. आमचे मालक, मुंजाजी लोहार, भात्यापाशी बसले व्हते अन् त्यांच्या म्होरं पोत्यावर पंचफुला. तिची चाकाची खुर्ची बाजूला, एक चाक काढलेलं. त्या चाकाचं भरीव रबर झिजून झिजून परवा गोट्याच्या रस्त्यात तुटलं, अन् लोखंडी कडं वाकलं. मालकानं कडं ठोकून सरळ केलं. पण रबर काय आमच्या भट्टीत निघतंय व्हय? तिचा भाऊ नागनाथ ते आणायला काल परभणीला गेलेला, अजून पत्ता न्हाई.

अकराला पंचायतीची सभा. गावाला एकच हापसा मंजूर झाल्ता. सरपंच व्यंकटराव म्हणायले, पारापाशी घ्या. पारापाशी तर आधीच हीर हाय. बौद्धवाड्यातल्या बाया वढ्यात झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायच्या, ते कुणाला दिसंना. चार मेंबर पाराकडं, चार बौद्धवाड्याकडं, अन् नववी मेंबर पंचफुला. ती पोचली न्हाई तर बरोबरी, अन् बरोबरीत सरपंचाचं ज्यादा मत.

सरपंचानं लय मायेनं सांगावा धाडला की चार गडी पाठवतो, उचलून आणतील. पंचफुलानं मान बी वर केली न्हाई.

"चौघांच्या खांद्यावर माणूस एकदाच जातंय," ती म्हणाली. "मी आज मत द्यायला जायलेय."

माझी एवढी तगमग का, ते बी सांगते. चोराच्या मनात चांदणं. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या नावानं माणसं पिसाळली, बौद्धवाडा पेटला, तवा घराचं जळतं आढं पंचफुलाच्या कमरेवर पडलं. नागनाथ हाका मारत दारोदार हिंडला. आमच्या बी दारावर आला. मालक उठले व्हते. मीच त्यांचा हात धरला, कडी काढू दिली न्हाई. पंचफुलाला हे ठावं हाय. तवपतोर त्यावर एका शब्दानं बोलली नव्हती, अन् तेच मला जास्त बोचायचं.

दहा वाजून गेल्यावर नागनाथ दिसला. देवगाव फाट्यावरनं पायी पळत आल्ता, गळ्यात रबराचं काळं कडं. चाकाला लावून बघतो तर दोन बोटं लहान. मटकन खालीच बसला. दुकानदारानं फसवलं म्हणाला, आता परभणी कुठं अन् अकरा कुठं.

मालक मातर हसले. बैलगाडीची लोखंडी धाव बी चाकापरीस लहानच करतात, म्हणाले, तवा तर ती आवळून बसती. तापवली की वाढती, चढवली की पाणी मारायचं. ह्यातच जन्म गेला आपला. असं म्हणत त्या भल्या माणसानं रबर चिमट्यात धरलं अन् सरळ भट्टीवर नेलं. धूर निघाला, घाण वास सुटला.

मी चिमटा हिसकावला. "अवो, लोखंड हाय का ते? जळायलंय की."

बरं तर बरं, नखाएवढंच पाघळलं. माझ्या माहेरी इंजिनाच्या तोंडावर पाइप चढवायचा तर आधी गरम पाण्यात बुडवतात, ते याद आलं. घरात दिवसाचं म्हणून दोन घागरी पाणी व्हतं. दोन्ही हंड्यात वतल्या अन् खाली जाळ घातला.

रबर मऊ झालं. एका जागी सुतळीनं चाकाला बांधलं, एका अंगानं पंचफुलानं धरलं, एका अंगानं मी, अन् मालकानं लाटणं घालून रेटलं. रबर घसरायलं, हात भाजायले. चाकं फिरवून फिरवून तिचे हात वज्जर झालेत. तिनं सोडलं न्हाई, म्हणून मी बी सोडलं न्हाई. टप्पदिशी बसलं.

पंचायतीच्या दाराला तीन पायऱ्या. आमी पोचलो तवा समदे वर बसलेले. व्यंकटराव म्हणाले, आता तरी उचलू दे बाई. पंचफुलानं पायरीला चाक टेकवलं.

"मी इथवर आले," ती म्हणाली. "आता तीन पायऱ्या सभेनं उतराव्या."

ग्रामसेवक कागदं धरून उभाच. मग तिच्या बाजूचे चौघं खाली आले. वर चौघंच राहिले, अन् चौघांत काय सभा व्हत न्हाई. चपला हुडकत ते बी उतरले. धुळीत बसून हात वर झाले, पाच अन् चार.

हापशाला पाणी लागलं. चैतात पारापासली हीर आटली. आठ दिवस मी इकडं तिकडं भागवलं, मग घागर घेऊन बौद्धवाड्यात गेले. पंचफुला खुर्चीत बसूनच हापसा मारायली व्हती. मी लांब उभी राहिले. कोणत्या तोंडानं म्होरं जावं?

"लांब का, काकू?" ती म्हणाली. "इथं कडी न्हाई. लावा घागर."

त्या कडीचं चौदा वर्सांनी बोलली. मी घागर लावली. तिनं काठोकाठ भरून दिली, अन् उचलताना निम्मं पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं.