वीस पावलांवरची आखाजी

माझा धाकटा भाऊ निवृत्ती सुलतानपूरला शेती करायचा. एकोणऐंशी साली त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा मुंबईच्या दवाखान्यात माझी एक काढून त्याला बसवली. सुटी देताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "बहिणीची किडनी त्याच्या शरीरानं नाकारू नये म्हणून या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. पण त्यांनी रोगाशी झुंजायची ताकद कमी होते. गोवर, कांजिण्यासुद्धा जिवावर बेततील." मला कांजिण्या लहानपणीच येऊन गेल्या होत्या. निवृत्तीला कधीच आल्या नव्हत्या.

पुढच्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माझ्या सहा वर्षांच्या लेकीला, शालूला घेऊन मोताळ्याहून माहेरी निघाले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. मेहकरला बस बदलली. शालू मांडीवर पेंगत होती, अंग कोमट लागत होतं. मला वाटलं, उन्हानं असेल. सुलतानपूर जवळ आलं तशी ती मान खाजवायला लागली. केस बाजूला केले तर पाण्यानं भरलेला फोड. पाठीवर आणखी चार.

फाट्यावर निवृत्ती बैलांची दमणी घेऊन उभा होता. आम्हाला पाहून हसत बसच्या दाराकडे धावला.

"निवृत्ती, तिथंच थांब! जवळ नको येऊ!" मी खिडकीतून ओरडले.

"काऊन वो बाई?"

"शालूले कांजिण्या निघाल्या."

तो थबकला, पण मागे सरेना. "अवो, तुहाच तर तुकडा हाय माह्या पोटात. तुह्या लेकराचं मले काय होते?"

"म्या सांभाळाले देल्ला, उधळाले नाही! मांगं हो!"

तो मागे सरला. कंडक्टरनं घंटी दिली. मी लोणारपर्यंत रडत गेले.

लोणारला मनकर्णामावशी एकटीच राहायची. तिनं काही न विचारता आतली खोली दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीच्या टोकाशी निवृत्ती येऊन उभा. मी ओट्यावर, तो वीस पावलं लांब. जवळ येऊ द्यायची माझी हिंमत नव्हती. मग आम्ही ओरडून बोललो. त्याच्या बायकोला, अन्नपूर्णाला दिवस गेलेत, आईनं सांजोऱ्या जाळल्या, पांढरी गाय आटली... सगळं. समोरच्या शंकररावांनी तर खुर्चीच बाहेर आणून टाकली. जाताना निवृत्तीनं आंब्यांची टोपली भिंतीपाशी ठेवली आणि तो वळणाआड गेल्यावर मी ती उचलली.

असा तो एक दिवसाआड यायचा. सासरच्या गोष्टी मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते, त्या तिथं गल्लीत बोलले. जवळ बसून कदाचित बोललेच नसते.

शेवटची खपली पडली त्यानंतर आणखी चार दिवस थांबून मी सुलतानपूरला गेले. अन्नपूर्णानं दारातच शालूला उन्हात उभं करून मान, पाठ, कानामागं सगळं तपासलं, मला जरा रागच आला. मग ती हसून म्हणाली, "या आता घरात."

निवृत्ती पुढे एकोणीस वर्षं जगला. आताशा आखाजीला पोरं फोनवर हळू आवाजात बोलतात. मला नीट ऐकू येत नाही, तेव्हा लोणारची ती दुपार आठवते, आणि गल्लीच्या टोकावरून येणारी त्याची हाक, "बाई, जेवली का वो?"