थोरलीची टाच

गवताच्या भाऱ्यावरून थोरलीची आणि तिच्या लेकाची बांधावरच जुंपली. मागच्या साली घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हापासून लेकाचा एकच धोशा, "आई, शेत बंद. ओट्यावर बस."

"ओट्यावर तुझ्या सासूला बसव! माझी हाडं लोखंडाची आहेत."

"दवाखान्यात आज टाच घालून हाडं तपासायचं यंत्र आलंय. कच्ची निघाली तर माझं ऐकायचं."

"आणि पक्की निघाली तर तू तोंड उघडायचं नाहीस!"

थोरली तरातरा निघाली. सोबतीला धाकटी जाऊ. थोरली वाळक्या काटकीसारखी. धाकटी गोलमटोल, दिवसभर शिवणयंत्रावर बसलेली.

"तुझी टाच मावेल का गं त्यात?" थोरलीनं डिवचलं.

"नाही मावली तर तुमची दोनदा घालू!"

दवाखान्यात पन्नाशी उलटलेल्या बायकांची ही रांग! जिची टाच यंत्रात जाई ती गुदगुल्या झाल्यासारखी खिदळे, की सगळ्याच हसत सुटत. धाकटीची हाडं चांगली निघाली. थोरलीची ठिसूळ.

"यंत्र बिघडलंय!"

नर्सबाईंनी दुसरी टाच घालायला लावली. पुन्हा तेच.

"पाळी कधी गेली तुमची?"

"अडतिसाव्या वर्षीच."

"दूध पिता?"

"सगळं डेअरीला."

"तंबाखू?"

थोरलीनं ओठ गच्च मिटले.

"काय बोलतील त्या? तंबाखू गालातच आहे!" धाकटी म्हणाली, आणि बाया पोटं धरून हसल्या. थोरलीलाही हसू आवरेना. तंबाखूचा ठसका लागला.

"पाळी लवकर गेली, अंगावर मांस नाही, दूध नाही, वर हा तोबरा. हाडांनी टिकावं कसं?" नर्सबाई म्हणाल्या.

थोरलीचं हसू मावळलं. "मग शेत सुटलं माझं?"

"कोण म्हणालं? चाला, उन्हात हिंडा, झेपेल ते काम करा. ओझं उचलायचं नाही, घसरायचं नाही. डॉक्टरांकडून गोळ्या घ्या. आणि ते आत्ता थुंका." मग त्या धाकटीकडे वळल्या. "तुम्ही काय हसताय? बसून राहिलात तर तुमचीही झिजतील. उद्यापासून यांच्याबरोबर चालायचं."

दाराशी लेक उभाच होता. "काय निघालं?"

"कच्ची."

"बघ! मी म्हणत नव्हतो?"

"म्हणून भारा तू उचलायचा. मी नुसती शेतात हिंडायची. नर्सबाईंचा हुकूम आहे."



दुसऱ्या दिवशी उन्हं वर येताच दोघी जावा टेकाडावरच्या शेताकडे निघाल्या. थोरली तुरुतुरु पुढं. अर्ध्या चढावर धाकटी मटकन दगडावर बसली.

"ऊठ की गं! तुझी तर हाडं चांगली निघालीत."

"हाडं चांगलीच आहेत हो," धाकटी धापा टाकत म्हणाली, "पण दम कुणी तपासलाय माझा?"