जवळची वाट

इंटरनेटचा राउटर मेला आळशी. दोन वाटा दिल्या तरी जवळचीच धरतो. ती बंद पडली तरच दुसरीवर भार टाकतो. सकाळी ऑफिसात ताईने जवळची वायर उपटून हेच तपासलं. सगळं काम मुकाट दुसऱ्या वायरवर गेलं, कुणी मानही वर केली नाही.

अंथरुणाला खिळलेल्या आईची जवळची वाट म्हणजे ताई. दादाचं पालुपद एकच, "तुलाच जवळ पडतं गं."

"आज बघतेच," म्हणत ताईने दुपारी फोन बंद केला आणि ती आईकडे गेलीच नाही.

संध्याकाळी राहवेना म्हणून धावली. आई ओल्या चादरीत तशीच पडलेली, घशाला कोरड. ताईने फोनवर दादाला फैलावर घेतलं.

"आईचा आला होता गं फोन," तो म्हणाला. "म्हटलं, तू पोचतच असशील. उगाच कशाला उचलायचा?"