दोऱ्याने बांधलेली वही

बाबांचा कॉम्प्युटर सुरूच होईना, तेव्हा कुठे मी गेलो. कॉम्प्युटर दुरुस्ती हा माझा धंदा. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या घरी होता.

बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच. वायरी पाहिल्या. रॅमची पट्टी काढून तिच्या पिवळ्या कडेवर खोडरबर घासलं, परत बसवली. बीप वाजली, पडदा उजळला. मी ऐटीत बाबांकडे पाहिलं. तेवढ्यात आतून टक्, टक्, टक्. पडद्यावर आलं, डिस्क सापडत नाही.

ही डिस्क मीच बसवली होती, एका गिऱ्हाइकाच्या मशीनमधून काढलेली. त्याला सांगितलं होतं, हिच्यावर भरवसा ठेवू नका. बाबांना सांगितलं नव्हतं. घरच्या माणसाला काय, चालून जातं.

बाबांनी चाळीस वर्षं कारखान्यात धातू कातायचं लेथ मशीन चालवलं. नव्या कामगारांसाठी त्याचंच पुस्तक ते तीन वर्षं याच कॉम्प्युटरवर एका बोटाने टाईप करत होते. दोनशे पानं झाली होती.

"दुसरीकडे कॉपी नाही ठेवलीत?"

"तू येऊन काढून देणार होतास."

"अहो, पण आवाज येत होता तर वेळीच सांगायचं ना." चोर तो चोर, वर शिरजोर.

बाबांनी टेबलाच्या पायाला दोऱ्याने बांधलेली वही पुढे सरकवली. कारखान्यात प्रत्येक मशीनला अशी वही असायची, मशीन भंगारात जाईपर्यंत बांधलेली. वेगळा आवाज आला की तारीख, कुणाला कळवलं, काय उत्तर आलं, सगळं लिहायचं. इथे अकरा नोंदी होत्या. 'सुरू करताना टकटक. मुलाला कळवले. उत्तर : रविवारी येतो.' पुढच्याही तशाच. सातवीत मात्र उत्तर वेगळं : 'जुना झालाय, तुमच्यासारखा.' हा विनोद मी दुकानातून फोनवर केला होता, चार गिऱ्हाइकं हसली होती. बाबाही हसले, असं मला वाटलं होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "डिस्क बाहेर पाठवून बघतो. निघेल काहीतरी," मी म्हणालो. गिऱ्हाइकांनाही मी हेच सांगतो, आणि बहुतेकदा काही निघत नाही.

बाबांनी चष्मा लावला, आजची तारीख घातली आणि सुबक अक्षरात लिहिलं, 'मशीन बंद. मुलगा आला.' मग खाली बसून त्यांनी वहीचा दोरा टेबलापासून सोडवला.