कंबरदुखीचा दाखला

ताप आला, पाय मुरगळला, की आपण डॉक्टरचा दाखला आणतो, साहेबांच्या टेबलावर ठेवतो आणि विषय संपतो. उलट चार माणसं आपुलकीने चौकशी करतात. पण वाचकहो, आजार मनाचा असला तर? तयार कपड्यांच्या एका कारखान्यातल्या कटिंग मास्तरांवर ही वेळ आली. तेव्हा त्यांच्या घरच्यांनी काय केलं, ते ऐका.

मास्तर कामाला वाघ होते. कापडाचे थर अंथरून ते खडूने रेघा आखायचे आणि कापायला घ्यायचे, तेव्हा चिंधीसुद्धा वाया जात नसे. असा माणूस हळूहळू विझत गेला. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. सकाळी डबा हातात घेऊन दारात उभे राहायचे, पण पाऊल काही उचलायचं नाही. एकदा बायकोला सहज विचारावं तसं म्हणाले, "मी नसलो तर तुमचं काही अडेल का गं?" तिने थोरल्या दिरांना बोलावून घेतलं. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. दादांनी आढेवेढे घेतले, पण अखेर दोघं मिळून मास्तरांना मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नैराश्य आहे, औषधाने नक्की उतार पडेल, पण वेळ लागेल, असं त्यांनी सांगितलं. गोळ्यांनी गुंगी येईल, तेव्हा कामावर गेले तरी धारेच्या मशीनजवळ जायचं नाही, हेही बजावलं. मग रजेचा दाखला लिहायला घेतला, तसं दादांनी मास्तरांना आणि भावजयीला बाहेर बसवलं आणि आवाज खाली आणला. त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. काका वेडा आहे असं समजलं तर सोयरीक मोडेल, कारखान्यात टिंगल होईल ती वेगळीच. तेव्हा बाईंनी आपलं कंबरदुखी लिहावं, सगळेच तसं लिहून देतात, असं त्यांचं म्हणणं.

"मी कंबर लिहिली, तर लोक त्यांची कंबर सांभाळतील," बाई म्हणाल्या. "मन कोण सांभाळणार?"

"तुमचं खरं आहे हो. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

"लोक म्हणजे कोण? वेडा हा शब्द या खोलीत पहिल्यांदा तुम्ही काढलात. कारखान्याने नाही काढला."

दादांना हे झोंबलं. ते तडक कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेले, पैसे टेबलावर ठेवले आणि दाखला घेऊन आले. कंबर कुणाची, हेही त्या डॉक्टरने विचारलं नाही.

आणि कारखाना किती प्रेमाने वागला म्हणून सांगू! कुणी शेकायला सांगितलं, कुणी तेल सुचवलं. सुपरवायझर स्वतः कंबरेचा पट्टा घेऊन घरी आले. आतून पोखरलेला तो माणूस तासभर पट्टा बांधून त्यांच्यासमोर बसला आणि कळ येते का म्हटल्यावर होकाराची मान डोलवत राहिला.

रजा संपली. मास्तरांना थोडा उतार होता, पण गोळ्या चालू होत्या आणि गुंगीही. सुपरवायझरांनी आधीच ठरवून ठेवलं होतं की आता मास्तरांना उभ्याने करायचं काम नको, वाकणं नको, कापडाचे तागे उचलणं नको. बसून करण्यासारखं काम एकच होतं, कॉलर आणि कफ कापायच्या मशीनचं. त्यांनी मऊ गादीची खुर्ची मागवून मास्तरांना त्या मशीनच्या धारदार पात्यासमोर बसवलं.

मास्तर नाही म्हणू शकले नाहीत. गुंगीचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. बायकोने दादांना विनवलं, निदान सुपरवायझरांच्या तरी कानावर घाला. दादा म्हणाले, थोडे दिवस कळ काढा, मुलीचं ठरू दे.

पुढे व्हायचं तेच झालं. जेवणानंतर मास्तरांचा डोळा लागला. हातात पात्यापासून वाचवणारा पोलादी जाळीचा हातमोजा घालायचंही भान राहिलं नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधीपासून काही औषधं चालू आहेत का? सुपरवायझर म्हणाले, कंबरेची. दादा जमिनीकडे बघत राहिले. तेव्हा मास्तरांच्या बायकोने पिशवीतून गोळ्या काढून डॉक्टरांच्या हातात दिल्या आणि सगळ्यांसमोर आजाराचं नाव घेतलं.

दादांचा बांध फुटला. "ती बोटं मशीनने नाही कापली," ते भिंतीला टेकत म्हणाले, "मी कापली!"

सुपरवायझर म्हणाले, "मला सांगितलं असतंत, तर त्यांना पात्याजवळ जाऊ दिलं नसतं. पण खोटं कशाला बोलू? कारखान्यातही येऊ दिलं नसतं."

दुसऱ्या दिवशी दादा डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी माफी मागितली, खरा दाखला लिहून घेतला आणि स्वतः नेऊन दिला. सुपरवायझरांनी तो वाचला आणि मास्तरांची जागा राखून ठेवली. बरे झाल्यावर मास्तर तयार माल तपासायच्या टेबलावर रुजू झाले. काही जण अजून त्यांच्यापासून हातभर दूर बसतात. मुलीची सोयरीकही मोडली. दादांनी त्याचा दोष भावाला दिला नाही. मात्र शिलाई विभागातल्या एका बाईंनी परवा मास्तरांना जिन्यात गाठलं, इकडेतिकडे पाहिलं आणि डॉक्टरबाईंचा पत्ता विचारला.

बंधुभगिनींनो, तो खोटा दाखला कोपऱ्यावरच्या डॉक्टरने लिहिला, पण लिहायला लावला आपण. मनाचा आजारही आजारच आहे. उद्या तुमच्या ऑफिसात कुणी तसा दाखला आणला, तर हसू नका, कुजबुजू नका. आता बरं वाटतंय का, एवढं विचारा. हे आपल्याला जमेल, तेव्हा माणसं खरं सांगतील. तोवर अशी बोटं तुटत राहतील आणि त्यांचं रक्त आपल्याही हाताला लागलेलं असेल.