निरीक्षकांचा सहावा पाल्य

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी जिन्यात, गल्लीत आणि 'लंबक' समूहात त्यांना सगळे निरीक्षकच म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी वजनमापं तपासली. ते दुकानात शिरले की दुकानदार उभा राहायचा, तराजूवर फुंकर मारायचा आणि त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचा. ऐकणं भागच होतं, शिक्का त्यांच्या खिशात असे. निवृत्तीच्या दिवशी शिक्का गेला आणि त्याच दिवसापासून लोकांना भराभर कामं आठवू लागली. "निघतो साहेब, दूध उतू जातंय," असं एक गृहस्थ त्यांना भर रस्त्यात म्हणाले होते.

म्हणून 'लंबक' म्हणजे त्यांचा जीव की प्राण. लंबकाच्या जुन्या घड्याळांचा नाद असलेले चारशे लोक या समूहात होते. कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, सगळा संसार फोनवरचा. समूह चालवायच्या दातांच्या एक डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावून बोलू न देणं हा ज्यांचा धंदा, त्यांनी समूहालाही चांगली शिस्त लावली होती. नवा माणूस आला की त्याला एक जुना सदस्य पालक म्हणून मिळे. पालकाने पंधरा दिवस त्याच्याशी बोलायचं, त्याची ओळख करून घ्यायची, आणि मग रविवारी चार वाजता सगळे पडद्यावर जमले की ती सगळ्यांना सांगायची. माणूस कोण, घड्याळ कोणतं, आला कशासाठी, एवढंच.

निरीक्षक पालक होते आणि आतापर्यंत त्यांच्या पदरी पाच पाल्य पडले होते. पाचही पळाले. पहिला, एक बेकरीवाला, तिसऱ्याच दिवशी गेला. एका विद्यार्थिनीने जाताना "वाचून वाचून अंगठा दुखला" असं लिहून ठेवलं. पाचवा तर काही न लिहिताच गेला, आणि हल्लीच्या लोकांना दम म्हणून नाही, असं निरीक्षकांनी त्यावर दोन पानी टिपण काढलं.

सहावा पाल्य देताना डॉक्टरांनी सरळ फोनच केला.

"निरीक्षकसाहेब, हा शेवटचा. हाही गेला, तर पालकाचं काम दुसऱ्या कुणाला तरी देईन म्हणते."

"अहो, पण मी तर त्यांना इतकी माहिती देतो—"

"देता हो. तेच तर. जरा घ्यासुद्धा."

निरीक्षकांच्या तोंडचं पाणी पळालं. शिक्का गेल्यावर हे एकच पद त्यांच्याकडे उरलं होतं. हेही गेलं तर मग जिन्यातली माणसं आणि उतू जाणारं दूध.

सहाव्या पाल्याने समूहात 'मुंगी' असं टोपणनाव घेतलं होतं. फोटोच्या जागी मुंगीचंच चित्र. पहिला निरोप आला तो दोन ओळींचा. 'आमचं घड्याळ रोज बंद पडतं. काय करावं? आमच्याकडे पस्तीस जण या एकाच घड्याळावर चालतात.'

आता एखाद्याने विचारलं असतं, की बाबा, कधीपासून बंद पडतं, कुठे टांगलंय. निरीक्षकांनी ते विचारलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला आणि लिहायला घेतलं, 'थोडक्यात सांगायचं तर, कालमापनाचा इतिहास फार प्राचीन आहे.' सावलीच्या घड्याळापासून सुरुवात करून ते आठव्या दिवशी पाण्याच्या घड्याळापर्यंत पोहोचले. मध्ये मध्ये स्वतःच्या नोकरीतले प्रसंग होतेच. एका किराणा दुकानात पोकळ वजन कसं पकडलं, हा प्रसंग तीन भागांत गेला.

आणि नवल म्हणजे, मुंगी पळाली नाही! उलट रोज दुपारी पावणेएकच्या सुमारास उत्तर यायचं. 'वाचलं.' 'उपयोग झाला.' 'कठीण शब्द छान आहेत, अजून पाठवा.' एके दिवशी दात दुखत होता म्हणून निरीक्षकांनी अर्ध्या पानात आटोपलं, तर लगेच तक्रार आली, 'आज फारच लहान आहे.'

निरीक्षकांनी तो निरोप बायकोला वाचून दाखवला. मग जिन्यात शेजाऱ्याला, मग परत बायकोला.

"कदर करणारा माणूस भेटला शेवटी," ते म्हणाले.

"कोण आहे हो?" बायकोने विचारलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. तीस वर्षांत तिने नाव-गाव विचारल्याशिवाय कुणाला सुई टोचली नव्हती.

"मुंगी."

"ते कळलं. माणूस आहे की बाईमाणूस?"

निरीक्षकांनी निरोप वर सरकवून पाहिले.

"म्हणजे... असा प्रश्न आला नाही कधी."

"तुम्ही विचारला नाहीत कधी. तेरा दिवस झाले ना? कुठे काम करतं, घरी कोण, घड्याळ कसलं? काहीतरी असेल की."

"अगं, त्याचा पहिला निरोप आहे ना, त्यात—"

"तुमचे किती?"

फोनने आकडा दाखवला. मुंगीचे एकोणीस, निरीक्षकांचे दोनशे चौदा. बायकोने तो आकडा पाहिला आणि काही न बोलता कपड्यांच्या घड्या घालायला गेली. ती बोलली असती तर बरं, असं निरीक्षकांना वाटलं.

त्या दिवशी शुक्रवार होता. सरळ विचारून टाकायचं, तर तेरा दिवस काय केलं ते उघडं पडणार. मग मुंगी डॉक्टरांना सांगणार, आणि पद गेलंच समजा. पण छत्तीस वर्षं लबाड दुकानदारांचे हिशेब लावलेला माणूस हार मानतो होय! त्यांनी ते एकोणीस निरोप कागदावर उतरवले आणि तपास सुरू केला.

"हे बघ," शनिवारी सकाळी ते बायकोला म्हणाले, "पस्तीस जण एका घड्याळावर चालतात. म्हणजे काय? कारखाना! पस्तीस कामगारांचा. उत्तर रोज पावणेएकला, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत. बोलणं मोजकं, म्हणजे हुकूम सोडायची सवय. कष्टाळू म्हणून मुंगी. वय साठीच्या पुढचं, कारण हल्लीची पोरं इतकं वाचत नाहीत."

"आणि बाईमाणूस नाही कशावरून?"

"सविस्तर लिखाणाची आवड आहे."

"हो का," बायको म्हणाली. "मला तर दोन ओळींची चिठ्ठीही पुरते. पण मग मी काही कारखानदार नाही."

"तू टोमणे मार."

"मी कशाला मारू? उद्या चार वाजता चारशे माणसं आहेत की."

रविवार उजाडला. निरीक्षकांनी इस्त्रीचा सदरा घातला, फोन पुस्तकांच्या चवडीवर उभा केला आणि भिंतीवरची खुंटी मागे दिसू नये म्हणून खुर्ची दोनदा सरकवली. पडद्यावर चौकटी उघडत गेल्या. कुणी स्वयंपाकघरात, कुणी गच्चीत, कुणाचं नुसतं कपाळच. मुंगीच्या चौकटीत मुंगीच होती.

डॉक्टरांनी खूण केली. निरीक्षक खाकरले.

"मित्रहो, थोडक्यात सांगायचं तर, आज मी एका कर्तबगार कारखानदाराची ओळख करून देतो आहे..."

पुढची अकरा मिनिटं ते बोलले. कारखान्याची शिस्त, पस्तीस कामगारांचं मालकावरचं प्रेम, वयाच्या साठीनंतरही टिकलेली ज्ञानाची भूक. मध्ये एकदा स्वतःचं पोकळ वजनही येऊन गेलं. बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने पदर तोंडाला लावला होता, तो काही लाजेने नव्हे.

"आभारी आहोत," डॉक्टर म्हणाल्या. "आता मुंगी, दोन शब्द बोला."

मुंगीच्या चौकटीत उजेड झाला. तिथे तिशीतली एक बाई बसली होती. मागे फळा, फळ्याच्या वर लंबकाचं घड्याळ आणि बाजूला वह्यांचे दोन गठ्ठे.

"नमस्कार. वह्या तपासायच्या होत्या म्हणून आज शाळेतच आले. मी चौथीच्या वर्गाला शिकवते. कारखाना नाही माझा." ती हसली. "पस्तीस मुलं आहेत. कामगार म्हणाल तर कामचुकार आहेत सगळी."

चौकटींमधून हशा उसळला. गच्चीतल्या माणसाने तर फोनच खाली ठेवला, आणि मग सगळ्यांना थोडा वेळ त्याचं आकाश दिसलं. निरीक्षकांचे कान लाल झाले.

"मग हे सगळं कारखान्याचं कुणी सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला कुणी विचारलंच नाही," बाई म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. हजेरी घेताना एखादं मूल आलं नाही म्हणतात, तसं म्हणाल्या. "पण साहेबांच्या निरोपांचा फार उपयोग झाला. मी रोज त्यांचं श्रुतलेखन घालते."

"काय घालता?" निरीक्षकांच्या तोंडून निघालं.

"श्रुतलेखन. मी वाचते, मुलं लिहितात. धड्यातला उतारा दिला तर त्यांना तो पाठ असतो. गोष्ट दिली तर पुढे काय झालं म्हणून ओरडतात, लिहीत नाहीत. तुमच्या लिखाणात ती अडचण नाही. शब्द कठीण, वाक्यं लांब, आणि पुढे काय होईल याची कुणालाच काळजी नसते."

डॉक्टरांनी आपला आवाज बंद केला, पण चौकटीत त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

"एक गडबड मात्र झाली," बाई पुढे म्हणाल्या. "परवा मी विचारलं, 'थोडक्यात' म्हणजे काय? तर एका मुलाने सांगितलं, पाठपोट दोन पानं."

आता कुणीच स्वतःला आवरलं नाही. निरीक्षकांचं बोट लाल बटणाकडे गेलं. एकदा दाबलं की सगळ्या चौकटी गायब, आणि उद्यापासून जिना आहेच. पण दाराशी उभ्या बायकोने हळूच मान हलवली, तसं ते बोट मागे आलं.

"आणि घड्याळ?" गच्चीतल्या माणसाने विचारलं. "ते तर चालू दिसतंय."

"हो! ते सांगायचंच राहिलं. आमच्या आधीच्या मुख्याध्यापिका निवृत्त होताना देऊन गेल्या ते. महिनाभर रोज बंद पडायचं. नवव्या दिवशीच्या उताऱ्यात, पाण्याच्या घड्याळाच्या मध्येच कुठेतरी, साहेबांनी लिहिलं होतं की घड्याळ भिंतीवर तिरकं टांगलं तर त्याचा ठोका लंगडतो आणि ते थांबतं. मी ते वाचलं, माझ्या लक्षातही आलं नाही. पण मुलांना एकेक शब्द लिहायचा होता ना. पस्तीस पेन्सिली थांबल्या आणि पस्तीस माना वर गेल्या. रंगारी येऊन गेल्यावर आम्ही ते वाकडंच टांगलं होतं. मग स्टुलावर चढून सरळ केलं. तेव्हापासून चालतंय."

निरीक्षकांना ते वाक्य लिहिल्याचं आठवतही नव्हतं. दोनशे चौदा निरोपांत कामाचं एक वाक्य होतं, आणि ते त्यांच्या हातून चुकून गेलं होतं.

डॉक्टर सावरून बसल्या.

"आता माझी पंचाईत झाली. नियमाने बघायचं तर पाल्य टिकला, म्हणजे साहेबांचं पालकपद राहतं. पण ओळख तर पार बोगस. बाई, तुम्हीच सांगा. ठेवायचं की काढायचं?"

निरीक्षकांनी पडद्याकडे पाहिलंच नाही, सदऱ्याची एक गुंडी धरून बसले. दुकानदारांच्या तराजूवर फुली मारताना समोरच्याला काय वाटत असेल, हा विचार छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या मनात आला, आणि आवडला नाही.

"मी कुणाला वर्गाबाहेर काढत नाही," बाई म्हणाल्या. "चुकलं तर पुन्हा लिहून आणायला सांगते. साहेब, ओळख पुन्हा लिहा. आत्ताच, इथेच. पाच वाक्यं. जे मला विचाराल तेवढंच लिहायचं, मनाचं काही नाही. जमलं तर राहा पालक."

"पाचच?" निरीक्षक म्हणाले.

"पाच."

बायकोने कागद आणि पेन्सिल आणून समोर ठेवली. निरीक्षकांनी पेन्सिल उचलली, खाकरले, थांबले. बोलायचं सगळं तोंडाशी येऊन उभं होतं आणि विचारायचं काहीच सापडत नव्हतं.

"तुमच्या वर्गात... मुलं किती?"

"पस्तीस. हे मी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. पुढचं विचारा."

"शिकवायला लागून किती वर्षं झाली?"

"सात."

"माझी छत्तीस—" निरीक्षकांनी सुरुवात केली. बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबूनच. ते गप्प झाले आणि त्यांनी कागदावर 'सात' लिहिलं.

"मुंगी हे नाव का घेतलंत?"

यावर बाई बोलू लागल्या. लहानपणी चार भावंडांत त्या शेवटच्या. घरात कुणी बोलायला लागलं की यांचा नंबर येईपर्यंत दिवे मालवायची वेळ व्हायची. बोलणाऱ्यांच्या पायांमधून वाट काढत राहायचं, म्हणून थोरला भाऊ मुंगी म्हणायचा. त्या सहा मिनिटं बोलल्या. तेवढ्यात निरीक्षकांचं तोंड तीनदा उघडलं आणि तीनदा मिटलं. तिसऱ्यांदा बायकोला दाबावं लागलं नाही.

पाच वाजायला आले तेव्हा कागदावर पाच वाक्यं झाली होती. सर्वांत लांब वाक्य नऊ शब्दांचं होतं. निरीक्षकांनी ती वाचून दाखवली. मग जरा घुटमळून म्हणाले, "सहावं एक होतं. माझ्याबद्दलचं."

"ते खोडा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते खोडलं.