चोरखिसा

कपडे शिवून घर चालवणाऱ्या त्या बाईचा हात इतका सफाईदार होता, की लेकीच्या प्रत्येक कपड्यात आतून लावलेला चोरखिसा इस्त्रीवाल्यालाही सापडला नसता. त्या खिशात इन्सुलिनचं पेन असायचं. लेकीला मधुमेह शाळेत असल्यापासूनचा. पण स्थळं येऊ लागली आणि घरात त्याचं नावही कुणी काढेनासं झालं. लेक दाराकडे बघत बघत सुई टोचून घ्यायला शिकली. "लग्नानंतर सांगू" म्हणता म्हणता लग्नालाही वर्ष उलटलं.

त्या सकाळी आई मशीनवर बसते न बसते तोच जावयाचा फोन आला. लेकीला ताप, धाप, आणि आता थेट अतिदक्षता विभाग.

तिथे बाकावर विहीणबाई होत्या, जावई दाराच्या काचेशी. आईला ना बसवत होतं, ना उभं राहवत होतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "न्यूमोनिया आहे, आणि साखर भयंकर वाढलीय. कधी कधी आजाराच्या ताणानंही वाढते. मधुमेह आधीपासूनचा असेल तर मूत्रपिंडांनाही जास्त धोका. आहे का तिला?"

"छे हो!" विहीणबाई म्हणाल्या. "ठणठणीत पोर. पारखून आणलीय आम्ही."

आईपुढे पेच होता. बोलावं तर लेकीचा संसार मोडतो, आणि न बोलावं तर लेकच जाते. गेल्याच आठवड्यात लेक फोनवर म्हणाली होती, "आई, घर पाहुण्यांनी भरलंय. सुई घ्यायला कोपरासुद्धा नाही गं." आणि आईनं सांगितलं होतं, "थोडे दिवस जपून खा. निभेल."

निभेल!

डॉक्टरीणबाई वळल्या, तशी ती धावलीच. "थांबा! आहे तिला मधुमेह. रोज इन्सुलिन लागतं. आठवडाभर चुकलंय, माझ्याच सांगण्यावरून."

विहीणबाई ताडकन उठल्या. "एवढी धडधडीत फसवणूक?"

"मला माहीत होतं, आई," जावई काचेकडेच बघत विहीणबाईंना म्हणाला. "तो खिसा लागला होता माझ्या हाताला. तू तिला माहेरी पाठवशील म्हणून गप्प बसलो."

"म्हणजे तुम्हा दोघांनाही माहीत होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि ती एकटीच लपवत बसली." त्या ओरडल्या असत्या तर आईला बरं वाटलं असतं.

लेक शुद्धीवर आली ती बऱ्याच दिवसांनी. मूत्रपिंडं अजून साथ देत नव्हती आणि पुढचं कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं. भेटीच्या वेळी नर्स इन्सुलिन घेऊन आली.

"तो पडदा ओढा," विहीणबाई कुजबुजल्या. "लोक बघतायत."

लेकीचा अशक्त हात सवयीनं दवाखान्याच्या झग्यात आत खिसा शोधू लागला. आईनं तो हात धरून बाहेर काढला.

"पडदा राहू द्या, विहीणबाई," ती म्हणाली. "लपवून लपवून इथवर आणलंय आपण तिला."

विहीणबाईंनी मान फिरवली. लेकीनं मात्र, कितीतरी वर्षांनी, दाराकडे न बघता सुई घेतली.